वेबपॅक : प्रोग्रामाचें गाठोडें बांधण्याची रीत

दुसऱ्याच्या बाबतींत घडलेल्या चुकीस आपण सहज ‘लहानशी चूक’ म्हणतों. परंतु ती ज्याच्या वांट्यास येते त्याला ती लहान वाटत नाहीं. मागील वर्षींच्या या वार्षिकांत, इयत्ता नववीच्या गुणवंतांच्या यादींत, एका मुलीचे शेंकडा ८९ गुण ८१ असे छापले गेले. अंक वांटला त्याच्या तिसऱ्या दिवशीं तिचे वडील तो हातीं घेऊन शाळेंत आले. ते रागावले नव्हते. “सर, गांवाकडे तिच्या आजोबांनीं हा अंक मागितला आहे. हें पान त्यांना कसें दाखवूं?” एवढेंच ते म्हणाले. आम्हीं क्षमा मागितली, शुद्धिपत्र छापून प्रत्येक प्रतीस चिकटविलें. पण ज्या प्रती पूर्वींच घरोघर गेल्या होत्या त्यांचें काय करणार?

चूक कशी घडली हें शोधतां कारण अगदीं साधें निघालें. आमच्या अंकाचीं पानें संगणकावर ‘फिग्मा’ या सॉफ्टवेअरांत मांडलीं जातात. गुणांच्या याद्या कार्यालयांतून येतात त्या इंग्रजी आंकड्यांत. अंक मात्र आम्ही मराठी आंकड्यांत छापतों. म्हणून चार-पांच मुलें संध्याकाळीं बसून पानामागून पान आंकडे हातानें बदलीत होतीं. मराठी ९ व १ यांच्या आकृतींत फरक थोडा. दिवसभराच्या शाळेनें डोळे थकलेले. मग जें व्हावयाचें तेंच झालें. दोष मुलांचा नव्हे. जें काम यंत्रानें करावें तें आम्हीं मुलांच्या डोळ्यांवर टाकलें, हा दोष आमचा.

तेव्हां आमच्या संगणक-मंडळानें ठरविलें कीं फिग्मासाठीं एक लहानसें ‘प्लगइन’ तयार करावें. त्यानें पानावरील सर्व इंग्रजी आंकडे शोधावे, कोणते बदलावयाचे तें आपणांस विचारावें, आणि मग ते बिनचूक बदलावे. तें काम पुरें झालें. परंतु त्यांत आमचा निम्म्याहून अधिक वेळ प्रोग्राम लिहिण्यांत गेला नाहीं. तो गेला लिहिलेला प्रोग्राम नीट बांधून फिग्माच्या हातीं देण्यांत. या बांधणीच्या साधनास ‘बिल्ड टूल’ म्हणतात. तें कसें मांडावें हें एकदां समजलें तर पुढें येणाऱ्या मुलांच्या कित्येक संध्याकाळी वांचतील, म्हणून हा लेख.

प्रथम प्लगइन म्हणजे काय तें पाहूं. घरांतील शिवणयंत्र तेंच असतें. पण त्याला काज करण्याचा तुकडा बसविला कीं तेंच यंत्र काज करूं लागतें. यंत्र बनविणाऱ्यानें तेवढी जागा मोकळी ठेवलेली असते. प्लगइन हा तसाच तुकडा होय. फिग्मा या कंपनीची स्थापना डिलन फील्ड व एव्हन वॉलेस यांनीं अमेरिकेंत २०१२ सालीं केली. २०१६ सालीं तें सॉफ्टवेअर सर्वांस खुलें झालें, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्यें बाहेरच्या मनुष्यानें लिहिलेलीं प्लगइनें जोडण्याची सोय त्यांत आली. हीं प्लगइनें जावास्क्रिप्ट या भाषेंत लिहितात.

जावास्क्रिप्टचा जन्म १९९५ सालीं झाला. नेटस्केप या ब्राउझराच्या कंपनींत ब्रेंडन आइक यांनीं तिचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला, असें सांगतात. वेब-पृष्ठावर थोडीशी हालचाल व्हावी, एखादें बटण दाबतां कांहीं घडावें, एवढ्यापुरतीच ती होती. त्यामुळें एका फायलीनें दुसऱ्या फायलीकडून नीट मागून घ्यावें अशी व्यवस्था त्या भाषेंत नव्हती. ती भाषेच्या नियमांत २०१५ सालीं आली. मधल्या वीस वर्षांत भाषा वाढली, प्रोग्राम शेंकडो फायलींचे झाले, आणि ब्राउझरास एकेक फाइल हुडकून देण्यापेक्षां सर्वांचें एकच गाठोडें बांधून द्यावें अशी युक्ति निघाली. तें काम करणाऱ्या साधनांपैकीं वेबपॅक हें एक प्रमुख साधन. टोबियास कॉपर्स या जर्मन प्रोग्रामरानें तें २०१२ च्या सुमारास लिहिलें. त्याची पांचवी आवृत्ति २०२० च्या ऑक्टोबरमध्यें निघाली, आणि आम्हीं वापरली ती हीच. तें विनामूल्य असून त्याचें सर्व लेखन कोणासही वाचतां येतें. तें चालविण्यास लागणारें नोड हें साधनही विनामूल्य आहे. पालकांच्या माहितीसाठीं हें मुद्दाम लिहितों, कारण ‘यास काय खर्च येईल?’ हा त्यांचा पहिला व रास्त प्रश्न असतो.

आतां कोणी म्हणेल, प्रोग्राम लहान आहे, तो एकाच फायलींत लिहावा, गाठोडें कशाला? याचें उत्तर फिग्माच्या रचनेंत आहे, आणि तें समजल्यावांचून पुढील एकही ओळ समजणार नाहीं.

फिग्मा प्रत्येक प्लगइनास दोन खोल्या देतें. पहिल्या खोलींत ‘फिग्मा’ याच नांवाची एक वस्तु हातीं मिळते. तिच्या योगें पानावरील मजकूर वाचतां येतो, बदलतां येतो. पण या खोलीला खिडकी नाहीं. बटण, यादी, चौकट यांपैकीं कांहींही तेथें दाखवितां येत नाहीं. परक्या मनुष्याच्या प्रोग्रामानें आपल्या पानांवर भलतीच उलथापालथ करूं नये म्हणून ती खोली मुद्दाम बंदिस्त केली आहे. ‘क्विकजेएस’ नांवाचें एक लहान जावास्क्रिप्ट-यंत्र तींत बसवून प्रोग्राम त्यावर चालवितात. दुसरी खोली म्हणजे पडद्यावर उघडणारी लहान चौकट. तेथें बटणें, याद्या, रंग, सर्व कांहीं दाखवितां येतें. मात्र पानास हात लावतां येत नाहीं. दोन खोल्यांच्या मधल्या भिंतींत पत्रें टाकण्यापुरती एक फट आहे. पहिलीनें लिहावें, ‘या पानावर असे असे आंकडे सांपडले’. दुसरीनें ते वापरणाऱ्यास दाखवावे, त्याची संमति घ्यावी, आणि उलट लिहावें, ‘एवढे बदल’. मग बदल करावयाचा तो पहिलीनेंच.

या दोन खोल्यांविषयीं फिग्माचे नियम कडक आहेत. प्रत्येक प्लगइनाबरोबर ‘मॅनिफेस्ट’ नांवाचा एक परिचयाचा कागद द्यावा लागतो. त्यांत ‘मेन’ या शब्दापुढें पहिल्या खोलीची एकच जावास्क्रिप्ट फाइल लिहावयाची, आणि ‘यूआय’ या शब्दापुढें दुसऱ्या खोलीची एचटीएमएल फाइल. पहिल्या फायलींत ‘शेजारची अमुक फाइल आण’ असें लिहिलें तर फिग्मा तें मानीत नाहीं. दुसरी फाइल तर नुसता मजकूर म्हणून उचलून चौकटींत ओतली जाते. तिच्या शेजारीं ठेवलेलें चित्र किंवा प्रोग्राम तिला दिसतच नाहीं. ज्या मुक्कामीं दुकान नाहीं, शेजार नाहीं, तेथें जाणाऱ्यानें पीठ, मीठ, तिखट सर्व बरोबर बांधून न्यावें, तसा हा प्रकार आहे.

आमच्या मुलांनीं प्रथम गाठोड्यावांचून काम चालविलें. आंकडे बदलण्याचा नियम दोन्ही खोल्यांस लागत होता. पहिलीस प्रत्यक्ष बदलण्यासाठीं, दुसरीस ‘बदलल्यावर असें दिसेल’ हें दाखविण्यासाठीं. म्हणून तोच नियम दोन फायलींत उतरून ठेवला होता. पुढें लक्षांत आलें कीं ज्या ओळींत इंग्रजी अक्षरें आहेत, जसे ई-मेलचे पत्ते, त्यांतील आंकडे बदलूं नयेत. एका मुलानें ही सुधारणा दुसऱ्या खोलीच्या फायलींत केली. पहिल्या खोलीच्या फायलींत करावयाची राहिली. परिणाम असा झाला कीं चौकट सांगे, ‘हा पत्ता जसाच्या तसा राहील’, आणि पानावर मात्र तो बदलून जाई. दाखवावें एक आणि करावें दुसरें! मागील वर्षींच्या चुकीपेक्षां ही चूक अधिक वाईट. कारण हिच्यावर वापरणारा विश्वास ठेवतो. एक गोष्ट दोन ठिकाणीं लिहूं नये हा धडा मुलांस तेथें मिळाला. नियमाची फाइल एकच असावी, आणि दोन्ही खोल्यांच्या गाठोड्यांत तिची नक्कल यंत्रानेंच घालावी. वेबपॅक हेंच करतें.

वेबपॅकची रीत अशी. त्याला एक आरंभाची फाइल दाखवावयाची. ती फाइल तें वाचतें. तींत ज्या ज्या फायली मागितल्या असतील त्या शोधतें. त्या आणखी ज्यांस मागतात त्यांसही शोधतें. आणि असा सर्व गोतावळा जमवून एक फाइल लिहून देतें. हें सर्व कसें करावें याच्या सूचना ज्या फायलींत लिहितात तिला ‘कॉन्फिग’ म्हणतात. वेबपॅकच्या चौथ्या आवृत्तीपासून कॉन्फिग नसली तरी साधें काम चालतें. परंतु आमच्या दोन खोल्यांची गोष्ट वेबपॅकला सांगितल्यावांचून कशी कळणार? म्हणून ती लिहावी लागते. तींतील मुख्य कलमें आतां क्रमानें पाहूं.

पहिलें कलम ‘एन्ट्री’, म्हणजे प्रवेश. येथें आरंभाच्या फायली लिहावयाच्या. आमच्या दोन खोल्या, म्हणून दोन नोंदी : एकीचें नांव ‘कोड’, दुसरीचें ‘यूआय’. येथें एकच नोंद केली तर एकच गाठोडें होईल, आणि दुसरी खोली उपाशी राहील.

दुसरें कलम ‘आउटपुट’, म्हणजे तयार माल कोठें ठेवावा. रूढि अशी कीं आपण हातानें लिहितों त्या फायली ‘एसआरसी’ या कपाटांत व यंत्रानें बांधलेल्या ‘डिस्ट’ या कपाटांत ठेवाव्या. तयार फायलीचें नांव प्रत्येक नोंदीच्या नांवावरूनच पडावें अशी सोय आहे. ती न केली आणि दोघींस एकच नांव दिलें, तर वेबपॅक काम थांबवून तक्रार करतें. मॅनिफेस्टमध्यें जे मार्ग लिहावयाचे ते ‘डिस्ट’मधील फायलींचे, ‘एसआरसी’मधील नव्हेत. ही चूक फार जण करतात.

तिसरें कलम ‘रूल्स’. वेबपॅकला मुळांत जावास्क्रिप्ट व जेसन एवढेंच वाचतां येतें. सजावटीची सीएसएस फाइल किंवा चित्र समोर आलें कीं तें अडतें. अशा वेळीं दुभाषा लागतो. त्यास ‘लोडर’ म्हणतात. सीएसएससाठीं दोन लोडर लावतात : ‘सीएसएस-लोडर’ ती फाइल वाचून समजून घेतो, आणि ‘स्टाइल-लोडर’ ती सजावट चौकटींत प्रत्यक्ष लावतो. येथें एक गमतीची गोष्ट ध्यानांत ठेवावी. यादींत लोडर ज्या क्रमानें लिहितात त्याच्या उलट क्रमानें ते कामास लागतात. शेवटीं लिहिलेला प्रथम. म्हणून ‘स्टाइल-लोडर’ आधीं व ‘सीएसएस-लोडर’ नंतर लिहावयाचा. उलट लिहिल्यास न वाचलेली सजावट लावण्याचा प्रयत्न होतो, आणि बांधणी मोडते.

चित्राची गोष्ट निराळी. मुलांना चौकटीच्या माथ्यावर शाळेचें बोधचिन्ह हवें होतें. तें ‘डिस्ट’मध्यें शेजारीं ठेवलें; चौकटींत मोकळी जागा दिसली. कारण वर सांगितलेंच आहे : त्या खोलीला शेजार नाहीं. वेबपॅकच्या पांचव्या आवृत्तींत चित्रांसाठीं ‘ॲसेट-इनलाइन’ असा एक प्रकार आहे. तो लिहिला कीं चित्राचें अक्षरांत रूपांतर होऊन तें गाठोड्याच्या आंतच बसतें. मात्र चित्र लहान असावें. मोठ्या चित्रानें गाठोडें निष्कारण जड होतें.

चौथें कलम ‘प्लगइन्स’. हीं फिग्माचीं नव्हेत, वेबपॅकचीं स्वतःचीं प्लगइनें. नांवसाम्यानें घोंटाळा होऊं देऊं नये. आम्हांस दोन लागलीं. ‘एचटीएमएल-वेबपॅक-प्लगइन’ आपण दिलेल्या नमुन्यावरून एचटीएमएल फाइल तयार करतें व तींत प्रोग्रामाचा उल्लेख घालतें. ‘एचटीएमएल-इनलाइन-स्क्रिप्ट’ नांवाचें दुसरें, तो नुसता उल्लेख काढून तेथें सबंध प्रोग्रामच भरतें. म्हणजे बाहेरून कांहीं आणावयाचें उरत नाहीं.

पहिल्या प्लगइनास दोन सूचना अवश्य द्याव्या लागतात. एक ‘चंक्स’ची : या कागदांत ‘यूआय’ हेंच गाठोडें घाल. ती दिली नाहीं तर तें दोन्ही गाठोडीं त्यांत कोंबतें. मग पहिल्या खोलीसाठीं लिहिलेल्या ओळी दुसऱ्या खोलींत चालूं लागतात, तेथें ‘फिग्मा’ ही वस्तु नसते, आणि ‘फिग्मा म्हणजे काय तें ठाऊक नाहीं’ अशी तक्रार पडद्यावर येते. बिचारा विद्यार्थी आपल्या प्रोग्रामांत दोष शोधीत बसतो; दोष असतो गाठोड्यांत.

दुसरी सूचना ‘इंजेक्ट’ची, हिनें आमच्या दोन संध्याकाळी खाल्ल्या. चौकट उघडे, बटण दिसे, पण दाबलें तरी कांहीं होत नसे. ज्या मुलानें तें बटण लिहिलें तो तेथेंच डोकें धरून बसला. तीच ओळ त्यानें पुन्हां पुन्हां लिहून पाहिली. शेवटीं आम्हीं त्यास विचारलें, “बाळ, बटण नाहींसें आहे, अशी तक्रार यंत्र करीत आहे, पण तें तर समोर दिसतें. मग यंत्रानें शोधलें त्या वेळीं तें तेथें होतें काय?” मुलगा क्षणभर थांबला आणि त्याचा चेहरा उजळला. खरी गोष्ट अशी : हें प्लगइन प्रोग्रामाचा उल्लेख कागदाच्या डोक्यावर, ‘हेड’मध्यें घालतें, आणि ‘पान पुरें होईपर्यंत थांब’ अशी खूण त्यास लावतें. ही खूण बाहेरून येणाऱ्या प्रोग्रामासच लागू पडते. आम्हीं तर प्रोग्राम कागदांतच भरला होता. त्यामुळें तो खूण न जुमानतां, बटण जन्मास येण्यापूर्वींच धांवून गेला! उपाय एका शब्दाचा : ‘इंजेक्ट’पुढें ‘बॉडी’ लिहावें, म्हणजे प्रोग्राम कागदाच्या शेवटीं बसतो व बटण त्याच्या आधीं तयार असतें. उपाय एका शब्दाचा असला तरी तो सांपडला प्रश्न नीट विचारल्यामुळें, ओळ पुन्हां पुन्हां लिहिल्यामुळें नव्हे.

पांचवें कलम ‘मोड’ व त्याबरोबरचें ‘डेव्हटूल’. मोड मुख्यतः दोन. ‘डेव्हलपमेंट’ हा कामाचा वेष. त्यांत गाठोडें लवकर बांधलें जातें व चुका शोधणें सोपें जातें. ‘प्रॉडक्शन’ हा बाहेर जाण्याचा वेष. त्यांत नको ती मोकळी जागा व लांब नांवें कापून गाठोडें लहान करतात. कामाच्या वेषांत वेबपॅक आपण होऊन प्रत्येक फायलीचा मजकूर ‘इव्हॅल’ या युक्तीनें गुंडाळतें. म्हणजे प्रोग्राम हा प्रोग्राम म्हणून न ठेवतां अक्षरांच्या ओळींत ठेवतें, व चालवितांना त्याचा पुन्हां प्रोग्राम करतें. ब्राउझरांत तें खपतें. पण फिग्माच्या बंदिस्त खोलींत इव्हॅलची वागणूक नेहमींच्या ब्राउझराहून निराळी आहे. म्हणून डेव्हटूलपुढें ‘इनलाइन-सोर्स-मॅप’ असें स्पष्ट लिहावें, व प्रॉडक्शनसाठीं तें बंद ठेवावें. सोर्स-मॅप म्हणजे गाठोड्यांतील कोणती ओळ मूळच्या कोणत्या फायलींतून आली हें सांगणारा नकाशा. तो नसला तर चूक गाठोड्याच्या अमुक हजाराव्या ओळींत आहे एवढेंच कळतें, आणि मूळ जागा सांपडत नाहीं.

कॉन्फिग पुरी झाली कीं वेबपॅकला ‘वॉच’ म्हणजे पहारा करावयास सांगावें. आपण फाइल बदलून जतन केली कीं तें आपोआप नवें गाठोडें बांधतें. नंतर फिग्माचें डेस्कटॉप ॲप उघडून ‘प्लगइन्स’ या यादींतील ‘डेव्हलपमेंट’मध्यें जावें व ‘इम्पोर्ट प्लगइन फ्रॉम मॅनिफेस्ट’ यानें आपला परिचय-कागद दाखवावा. आपल्या संगणकावरील फायली वाचावयाच्या असल्यामुळें या कामास ब्राउझर न वापरतां ॲपच वापरावें. प्रोग्रामांत आणखी दोन गोष्टी विसरूं नयेत. मजकूर बदलण्यापूर्वीं त्याचा फाँट ‘लोड-फाँट-असिंक’ या आज्ञेनें मागवून घ्यावा लागतो; तसें न केल्यास फिग्मा बदल नाकारतें. आणि काम संपल्यावर ‘क्लोज-प्लगइन’ म्हणून निरोप घ्यावा. नाहीं तर प्लगइन चालूच राहतें.

पालकांच्या मनांत येणाऱ्या एका शंकेचा येथें विचार करणें योग्य होईल. मुलांचे गुण, नांवें ही खासगी माहिती; हें प्लगइन ती कोठें पाठविणार नाहीं ना? मॅनिफेस्टमध्यें ‘नेटवर्क-ॲक्सेस’ असें एक कलम आहे. त्यांत प्लगइनास कोणकोणत्या पत्त्यांशीं बोलण्याची मुभा आहे तें लिहावयाचें असतें. आम्हीं तेथें ‘नन’, म्हणजे कोणाशींही नाहीं, असें लिहिलें आहे. आणि त्या नियमाचा पहारा फिग्मा स्वतः करतें.

दुसरी शंका आमची स्वतःची. वर सांगितलेले लोडर व प्लगइनें ‘एनपीएम’ या सार्वजनिक भांडारांतून येतात. तीं जगभरच्या लोकांनीं लिहून विनामूल्य ठेवलेलीं असतात. आणि एक मागवावें तर तें आपल्या सोयऱ्याधायऱ्यांसह शेंकडो घेऊन येतें. २०१६ च्या मार्चमध्यें काय झालें तें ऐकण्यासारखें आहे. ‘लेफ्ट-पॅड’ नांवाचें अवघें अकरा ओळींचें एक पॅकेज त्याच्या कर्त्यानें वादामुळें भांडारांतून काढून घेतलें. ओळीच्या डावीकडे मोकळी जागा किंवा शून्यें भरणें एवढेंच त्याचें काम. पण त्यावर दुसरीं, दुसऱ्यांवर तिसरीं अशीं कित्येक पॅकेजें उभीं होतीं. मोठमोठ्या कंपन्यांच्या बांधण्या एका दिवसांत अडल्या, आणि भांडाराच्या चालकांना तें परत ठेवावें लागलें. तेव्हां आम्हीं दोन नियम केले. जें काम दहा ओळींत आपणच करूं शकतों त्यासाठीं पॅकेज मागवावयाचें नाहीं. आणि मागविलेल्या प्रत्येकाची नेमकी आवृत्ति नोंदवणारी ‘पॅकेज-लॉक’ ही फाइल जपून ठेवावयाची, म्हणजे पुढच्या वर्षींच्या मुलांच्या संगणकावरही हेंच गाठोडें बांधलें जाईल.

वेबपॅकच एक साधन आहे असें मात्र कोणी समजूं नये. रोलअप, पार्सल, व्हीट इत्यादि पुष्कळ आहेत. फिग्माचे एक संस्थापक एव्हन वॉलेस यांनीं स्वतः ‘ईएसबिल्ड’ नांवाचें असेंच साधन लिहून २०२० सालीं प्रसिद्ध केलें; तें फार जलद म्हणून प्रसिद्ध आहे. आम्हीं वेबपॅक निवडलें तें त्याचीं कलमें मुलांस एकेक करून दाखवितां येतात म्हणून. साधन कोणतेंही असो, प्रश्न तेच राहतात : आरंभ कोठें, शेवट कोठें, आंत काय जावें, बाहेर काय राहावें, आणि हें गाठोडें उघडणारा कोणत्या खोलींत बसला आहे?

लूकच्या शुभवर्तमानांत प्रभूनें एक दृष्टान्त सांगितला आहे. बुरूज बांधूं इच्छिणारानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा. नाहीं तर पाया घालूनच काम थांबतें आणि लोक हंसतात. कॉन्फिग लिहिणें हा तो बसून करावयाचा हिशेब होय. तिच्यांतील एकही ओळ पडद्यावर दिसत नाहीं, तिच्याबद्दल बक्षीस मिळत नाहीं. म्हणून उत्साही मुलांस ती कंटाळवाणी वाटते. परंतु तीच कच्ची राहिली तर उत्तम प्रोग्रामही उभा राहत नाहीं.

यंदांच्या अंकाचे सर्व आंकडे या प्लगइनानें बदललेले आहेत. तथापि यंत्रावर भरंवसा टाकून आम्ही स्वस्थ बसलों नाहीं. कार्यालयाच्या यादींतच चूक असेल तर यंत्र तीच चूक सुबक मराठी आंकड्यांत उतरून देईल. म्हणून यादींतील प्रत्येक गुण एकानें मूळ गुणपत्रकावरून मोठ्यानें वाचावा आणि दुसऱ्यानें छापील पानावर बोट ठेवून ताडावा, असें ठरविलें. मूळ पत्रक वाचावयास कोण बसेल असें विचारतांच दहावींतील एक मुलगी उठून पुढें आली. मागील वर्षींचे ते ८९ गुण तिचे होते. तिनें तीन संध्याकाळी बसून सबंध यादी वाचली, आणि चूक निघाली नाहीं. या अंकाची एक प्रत आम्हीं शाळेच्या खर्चानें तिच्या आजोबांस पाठवीत आहों. तिच्यांत मागील वर्षींच्या पानाची दुरुस्त केलेली प्रतही घातली आहे.